चार्जर हिरवा, गाडी बंद: घरी जोडलेल्या चार्जिंग लीडमधला दोष कसा शोधायचा

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर पंधरा दिवसांनी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच: "रात्रभर चार्जर लावला होता, हिरवा दिवाही आला होता. मग सकाळी सेल्फ का उचलत नाही?" माझ्या स्वतःच्या दुचाकीवर हे दोनदा झालं. त्यानंतर शेजारी, मित्र, ऑफिसातले सहकारी अशा मिळून वीसेक गाड्यांवर मी हाच दोष शोधला आहे. बहुतेकांनी मला हाक मारण्याआधी नवी बॅटरी घेतलेली होती, काहींनी चार्जरही बदलला होता. दोष मात्र सापडला तो त्या दोघांच्या मधल्या हातभर वायरीत. हकनाक दीड-दोन हजार रुपये गेलेले पाहून वाईट वाटतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

लीड म्हणजे कोणती वायर ते आधी सांगतो. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांना कायमची जोडून ठेवलेली दोन पदरी वायर. एका टोकाला दोन गोल थिंबल (वायरीला दाबून बसवलेल्या, बोल्टखाली जाणाऱ्या धातूच्या कड्या), प्लसच्या वायरीत बॅटरीजवळ एक फ्यूज आणि दुसऱ्या टोकाला दोन पिनांचा चपटा कनेक्टर. हे टोक सीटखालून किंवा साइड पॅनलच्या कडेने बाहेर काढलेलं असतं. चार्जर लावायचा की झाकण काढायचं, कनेक्टर खोचायचा, झालं. सीट काढा, पाना घ्या, ही रोजची कटकट नको म्हणून ही सोय.

पुण्यात ही सोय आता चैनीची राहिलेली नाही. हिंजवडीला आठवड्यातून दोनच दिवस जायचं, त्यात पाऊस असला की चारचाकी काढायची. दुचाकी आठ-दहा दिवस जागची हलत नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो आणि कित्येक मॉडेलना किक दिलेलीच नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बॅटरी उतरली तरी चार किका मारून वेळ निभावून जायची. आता बॅटरी उतरली की गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

लक्षणं कोणती

चार्जर लावल्यावर अर्ध्या तासात हिरवा दिवा आला, पण सकाळी सेल्फ दाबला की नुसती टकटक. हे सर्वात जास्त दिसणारं लक्षण.

चार्जरवर एकही दिवा लागत नाही, किंवा बॅटरी जोडलेलीच नाही अशी खूण येते.

कनेक्टर हलवला की दिवा लागतो, सोडला की जातो.

फ्यूज वारंवार उडतो. त्यातही हँडल वळवल्यावर किंवा सीट दाबून बसवल्यावर उडत असेल तर ती गोष्ट लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

कनेक्टर किंवा फ्यूजचं घर हाताला गरम लागतं.

चार्जिंग पूर्ण होतं, गाडी लगेच सुरूही होते, पण तीन-चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इथे लीडचा दोष असण्याची शक्यता कमी. दुसरं कुणीतरी बॅटरी पीत असतं किंवा बॅटरीचंच वय झालेलं असतं.

तुमच्या गाडीला यातलं नेमकं कोणतं लक्षण लागू पडतं ते ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नका. खालचा क्रम फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या तपासणीपासून सुरू होतो आणि कष्टाच्या कामाकडे जातो. क्रम मोडून थेट बॅटरी काढायला बसलात तर खरा दोष सापडत नाही. काढघाल करताना सैल जोड तेवढ्यापुरता आवळला जातो, आठवडाभर सगळं ठीक चालतं आणि मग तोच प्रकार पुन्हा.

भिंतीपासून सुरुवात

सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. हास्यास्पद वाटेल, पण पार्किंगमधल्या कॉमन मीटरवरच्या सॉकेटचं बटण वॉचमन रात्री बंद करून टाकतो आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो जमिनीवर नको. पावसात पार्किंगमध्ये पाणी कुठून येईल याचा भरवसा नसतो.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जायची ती पुण्यात बहुतेक गुरुवारीच. ज्या चार्जरला मोड निवडायचं बटण असतं, त्यातले कितीतरी चार्जर वीज जाऊन परत आली की पुन्हा नुसते उभे राहतात. बटण दाबून मोड निवडेपर्यंत ते चार्जिंग सुरू करत नाहीत. एका मित्राची गाडी महिनाभर दर शुक्रवारी बंद पडायची. आम्ही लीड दोनदा तपासली, काही सापडेना. मग वार मोजले तेव्हा उलगडा झाला. गुरुवारी सकाळी वीज गेली की चार्जर झोपायचा, आणि गाडीला लावलेला ट्रॅकर त्याच बॅटरीवर दिवसरात्र चालू असायचा. तुमचा चार्जर बटणाचा असेल तर त्याची वीज बंद करून पुन्हा चालू करा आणि तो आपणहून काम सुरू करतो का ते पाहा.

कनेक्टर आणि त्याचं झाकण

बाहेर लोंबणारं हे टोक पावसाचं, चिखलाचं आणि उन्हाचं सगळं सोसतं. झाकण काढून आत टॉर्च मारा. पिनेवर हिरवी किंवा पांढरी पूड दिसली तर तांबं खायला लागलंय. नुसती पूड असेल तर बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून पीन घासा, काँटॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. पीन काळी पडून बारीक झाली असेल तर घासत बसू नका, कनेक्टर बदला. झाकण हरवलं असेल तर ते आधी मिळवा, कारण बाकी सगळं दुरुस्त केलं तरी उघडं टोक एका पावसाळ्यात पुन्हा सडतं. कनेक्टर बांधताना त्याचं तोंड खाली राहील असा बांधा. वर तोंड असलेल्या कनेक्टरमध्ये पाणी वाटीसारखं साठतं.

इथेच ध्रुव बघून घ्या. या चपट्या कनेक्टरमध्ये एक पीन उघडी असते आणि दुसरी रबराच्या आत लपलेली. बॅटरीकडून आलेल्या टोकाला लपलेली बाजू प्लस आणि उघडी पीन मायनस असायला हवी. यामागे पक्कं कारण आहे. गाडीची सगळी चासी, म्हणजे धातूचा सांगाडा, मायनसला जोडलेली असते. उघडी पीन मायनस असेल तर ती चासीला घासली तरी काही होत नाही. ती प्लस असेल तर झाकण निघालेल्या दिवशी ठिणगी उडणारच. वेगवेगळ्या कंपन्यांचे, विशेषतः सोलरसाठी विकले जाणारे कनेक्टर उलट्या ध्रुवाचेही येतात. लाल-काळ्या रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावा (त्याबद्दल पुढे). मीटरचा लाल प्रोब (वायरीच्या टोकाची टोकदार सळई) लपलेल्या बाजूला आणि काळा उघड्या पिनेला लावल्यावर आकडा वजा चिन्हाशिवाय आला पाहिजे.

तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर

इथून पुढे मीटरशिवाय चालणार नाही. साधा डिजिटल मीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा.

चार्जर काढून ठेवून, गाडी रात्रभर उभी असताना, थेट बॅटरीच्या टर्मिनलांवर मोजा. शिशाच्या १२ व्होल्ट बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. सीलबंद एजीएम बॅटरी (जिच्यात अ‍ॅसिड काचतंतूंच्या पॅडमध्ये शोषलेलं असतं) थोडी वरही दाखवेल. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे तळाला आलेली. आकडे जवळजवळ वाटतात आणि तिथेच लोक फसतात: "बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय, म्हणजे ठीक आहे की." ठीक नाही. बारा म्हणजे ती उपाशी आहे.

चार्जर काढल्या काढल्या मोजू नका. तेव्हा १३ च्या वर आकडा येतो आणि तो फसवा असतो. सहा-आठ तास जाऊ द्या.

आता हेच माप कनेक्टरच्या टोकावर घ्या. बॅटरीवर १२.६ आणि कनेक्टरवर शून्य, तर फ्यूज उडालाय किंवा वायर तुटलीय. दोन्हीकडे सारखाच आकडा आला तरी लीड निर्दोष ठरत नाही. एकाच केसाएवढ्या तारेवर टिकलेला जोडही मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. करंट वाहायला लागला की त्या जोडाचं पितळ उघडं पडतं. ती तपासणी पुढे आहे आणि माझ्या मते या सगळ्यात तीच सर्वात महत्त्वाची.

फ्यूज

फ्यूज काढून डोळ्यांनी बघा आणि मग मीटरने कंटिन्युइटीही, म्हणजे वीज आरपार जाते का तेही, बघा. ब्लेड फ्यूजमध्ये केसाएवढी चीर गेलेली असते, डोळ्यांना तो अखंड दिसतो. उडालेला असेल तर तेवढ्याच अंपिअरचा नवा घाला. अशा लीडला बहुधा ७.५ किंवा १० अंपिअरचा असतो. मोठा घालायचा नाही, आणि चांदीचा कागद लावून किंवा तार गुंडाळून तर मुळीच चालवायचं नाही. चार्जरचा करंट एक-दोन अंपिअरच असतो, मग फ्यूज कशासाठी, असं मला खूपदा विचारतात. फ्यूज चार्जरसाठी नाहीच. तो बॅटरीपासून वायरीला वाचवण्यासाठी असतो. मोटारसायकलची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाल्यावर शंभराहून जास्त अंपिअर सोडू शकते. ती बारीक वायर तेवढ्याने लाल होते, आणि वरच पेट्रोलची टाकी असते. म्हणूनच फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. कनेक्टरजवळ बसवलेला फ्यूज मधल्या वायरीला काहीच संरक्षण देत नाही. असा दिसला तर तो बदलणं हे पहिलं काम.

नवा फ्यूजही उडाला तर तिसरा घालू नका. वायर कुठेतरी चासीला लागतेय. सीटच्या कडीखाली चेपलेली, टाकीखाली घासलेली, हँडल वळवल्यावर चिमटीत सापडणारी, सायलेन्सरजवळ वितळलेली अशी जागा शोधा. पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेलीही मी तीन गाड्यांवर पाहिली. बाहेरून टेप गुंडाळून भागवू नका, लीडच बदला.

करंट वाहत असताना मोजा

चार्जर लावा, चालू करा, पाच मिनिटं थांबा. आता मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खुद्द शिशाच्या टर्मिनलवर टेकवा. बोल्टवर नको, थिंबलवर नको, त्या राखाडी शिशावरच. दुसरा प्रोब कनेक्टरच्या प्लस पिनेला. कनेक्टर दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढला की फटीतून पिनेला प्रोब लागतो. प्रोबच्या टोकाने प्लस आणि मायनस एकदम जोडले जाणार नाहीत एवढं सांभाळा. तसंच मायनसच्या बाजूला करा. एक अंपिअरच्या चार्जरला प्रत्येक बाजूचा आकडा ०.१ व्होल्टच्या आत यायला हवा. ०.३ किंवा अधिक आला तर त्या बाजूला दोष आहे, शंका नको.

मग दोष नेमका कुठे? मधल्या टप्प्यांवर मोजत या. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात, तिथे प्रोब टेकतो. टर्मिनल ते पहिला ठिपका, मग ठिपका ते ठिपका, मग दुसरा ठिपका ते कनेक्टर. ज्या टप्प्यात आकडा उडी मारतो तिथेच जोड बिघडलाय.

हिरव्या दिव्याचं कोडंही इथेच सुटतं. स्मार्ट चार्जर आपल्या टोकाशी व्होल्टेज बघत असतो. सुमारे १४.४ ला पोचलं आणि करंट कमी झाला की बॅटरी भरली असं तो धरतो. मध्ये खराब जोड असेल तर त्या जोडावरच एक-दीड व्होल्ट खाल्ले जातात. चार्जरला वाटतं १४.४ झाले, बॅटरीला मात्र १३ च मिळतात. करंट मंदावतो, दिवा हिरवा होतो आणि बॅटरी उपाशीच राहते.

आमच्याच इमारतीतल्या एका काकांची साडेतीनशे सीसीची गाडी. नवी बॅटरी, दुसरा चार्जर, सगळं झालं होतं. काका वैतागून म्हणाले, "अहो, ही लीड मी स्वतः बनवलीय, तिचं काय बिघडणार? त्यात आहेच काय?" मी चार्जर लावून मोजलं. कनेक्टरशी १४.३, बॅटरीच्या शिशावर १२.९. जवळजवळ दीड व्होल्ट, आणि सगळे मायनसच्या बाजूला. थिंबलवरची हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी) ब्लेडने उभी चिरली. आत थिंबलचे कान तांब्याऐवजी वायरीच्या पीव्हीसी आवरणावर दाबलेले होते. तांब्याच्या तारा पुढे फुलासारख्या उघड्या पडलेल्या, काळ्या-हिरव्या झालेल्या. धातूला टेकलेल्या फक्त दोन तारा. त्या दोन तारांवर काकांनी पाच महिने काढले होते. काका बराच वेळ ते बघत राहिले आणि मग आपणहून टूलबॉक्स आणायला वर गेले.

थिंबल, बोल्ट आणि चौकोनी नट

दुरुस्तीचं खरं काम इथे आहे. आधी किल्ली काढा. मग बॅटरीचा मायनस सोडवा, नंतर प्लस. लावताना उलट: प्लस आधी, मायनस शेवटी. प्लस सोडवताना पाना चासीला लागला आणि मायनस अजून जोडलेला असला तर पाना जागेवर चिकटून वितळायला लागतो. मायनस आधी निघालेला असेल तर काहीच होत नाही. अंगठी आणि धातूचं कडं काढून ठेवा, कारण तेही पान्यासारखंच वागतं. घड्याळ आणि ट्रिप मीटर शून्यावर जातील, त्याची चिंता नको.

नवी थिंबल बसवायची तर वायर साधारण सात-आठ मिलिमीटर सोला. दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) मऊ, बहुतारी तांब्याची वायर या कामाला उत्तम. तारा पिळून थिंबलच्या नळीत पूर्ण घाला आणि क्रिंपिंगच्या पकडीने दाबा. साध्या पकडीने चेपलेली थिंबल दिसायला घट्ट असते, पण ओढली की निसटते. म्हणून दाबल्यावर जोर लावून ओढून बघा. माझ्या हाताने ओढून निघाली तर रस्त्यावरचे खड्डे तिला नक्की काढतील. कथिलाचा डाग देऊन भागवणारे बरेच आहेत. माझा अनुभव असा की डाग दिलेली वायर जिथे कडक संपते आणि मऊ सुरू होते तिथेच गाडीच्या थरथरीने तुटते. मी क्रिंपच करतो. सामान शहरात सहज मिळतं. वायर, थिंबल, हीट श्रिंक ट्यूब यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, तर फ्यूजचं घर आणि गाडीचे कनेक्टर यांसाठी नाना पेठ. तपकीर गल्लीत थिंबल मागताना बोल्ट सहा मिलिमीटरचा आहे आणि वायर दीड एमएम आहे हे दोन्ही सांगा. भोक मोठं असलेली थिंबल बोल्टवर डुगडुगते.

आता चौकोनी नट. बहुतेक बॅटरीत बोल्ट ज्यात जातो तो नट टर्मिनलच्या खाचेत मोकळा बसलेला असतो. तुम्ही एक जादा थिंबल घातलीत की तेवढ्या जाडीने बोल्ट तोकडा पडतो आणि दोनच आटे धरतो. हाताला घट्ट लागतो आणि सिंहगडावर जाऊन येईपर्यंत सैल होतो. नटाखाली जुन्या पेट्रोल पाइपचा किंवा फोमचा छोटा तुकडा सरकवला की नट वर राहतो आणि आटे सरळ पकडतात. हा तुकडा वायरमनच्या दुकानात नाही, पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतो. बोल्ट तोकडाच असेल तर त्याच मापाचा किंचित लांब घ्या, पण इतका लांब नको की तो खाली टेकेल आणि थिंबल सैलच राहील.

थिंबलांचा क्रमही महत्त्वाचा. गाडीची मूळ जाड केबल शिशाला थेट टेकली पाहिजे आणि चार्जिंगची थिंबल तिच्या वर. सेल्फ मारताना मोठा करंट त्या जाड केबलमधून जातो. त्या दोघांच्या मध्ये तुमची पातळ थिंबल आली तर सेल्फच अशक्त होतो. टर्मिनल काच पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. शिसं मऊ असतं, फार जोर लावू नका.

मायनसची थिंबल बॅटरीऐवजी चासीच्या रंगवलेल्या बोल्टला लावलेली असेल तर ती सोडवून बॅटरीवरच आणा. रंगातून वीज जात नाही. आणि गाडीच्या मूळ वायरिंगला कट मारून लीड कुठेही जोडू नका. वॉरंटी जाते ते एक, पण पुढे दोष शोधणं दुप्पट अवघड होतं. हँडलवरच्या मोबाइल सॉकेटमधून उलटं चार्जिंग करू पाहणारेही भेटले. तो सॉकेट बहुधा किल्लीनंतर असतो. किल्ली बंद असली की बॅटरीपर्यंत काही पोचतच नाही.

लीड ठीक, तरी बॅटरी टिकत नाही

लीडचे आकडे चांगले आले, तर बॅटरीकडे वळा. पूर्ण चार्ज करून मायनस सोडवून ठेवा आणि दोन दिवसांनी मोजा. कुठेही न जोडलेली बॅटरी १२.४ च्या खाली आली असेल तर ती संपली. तीन-चार वर्षांच्या बॅटरीबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. अशा बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट साचलेलं असतं. ती चार्जरला लगेच १४.४ दाखवते आणि इथेही अर्ध्या तासात हिरवा दिवा येतो. लक्षण तेच, कारण वेगळं. म्हणून आधी लीड मोजायची. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली कोसळत असेल तरी निकाल तोच. पाण्याची बॅटरी असेल तर आधी पातळी बघा, फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही.

मायनस सोडवून बॅटरी टिकली पण जोडल्यावर उतरली, तर गाडीत गळती आहे. मीटर १० अंपिअरच्या खाचेत लावून मायनसची केबल आणि मायनस टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. किल्ली बंद, आणि मीटर मध्ये असताना सेल्फला हात लावायचा नाही, मीटर जळेल. पाच-दहा मिनिटं थांबलात की गाडीचा कॉम्प्युटर झोपतो. मग चारदोन मिलिअंपिअर राहिले तर ठीक. ४० मिलिअंपिअर राहिले तर हिशोब करा: दिवसाला जवळजवळ एक अंपिअर-तास. ८ अंपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी आणि आठवड्यात रिकामी. नंतर बसवलेली जीपीएस, अलार्म, थेट बॅटरीवर घेतलेला यूएसबी सॉकेट एकेक काढून बघा, आकडा कधी खाली येतो ते कळेल.

शेवटी गाडी सुरू करून चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीवर मोजा. १३.५ ते १४.५ यायला हवेत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत कायम चालूच असतो. त्यामुळे कोथरूड ते डेक्कन अशी सिग्नलची छोटी फेरी मारून बॅटरी भरली असं समजू नका.

इथे थांबा

इंजिन चालू असताना १५ च्या वर किंवा १३ च्या खाली आकडा असेल तर रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा भाग) किंवा मॅग्नेटोची (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागाची) कॉइल बघावी लागेल. ते घरचं काम नाही, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. १५ च्या वर असेल तर गाडी तिथपर्यंत चालवतही नेऊ नका, बॅटरी उकळते आणि बाकीची इलेक्ट्रॉनिक्सही जाते.

बॅटरी फुगलेली, हाताला कढत लागणारी किंवा सडक्या अंड्याचा वास येणारी असेल तर चार्जरची वीज भिंतीवरून बंद करा, कनेक्टर त्यानंतरच काढा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने तो पेटतो. म्हणूनच एरवीही गाडीवर पावसाचं कव्हर घट्ट ओढून चार्ज करायचं नाही. अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यांत गेलं तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

मूळ हार्नेसची, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या जुडग्यातली, वायर वितळलेली दिसली, दोन फ्यूज लागोपाठ उडाले आणि जागा सापडली नाही, किंवा नंतर बसवलेल्या वस्तू काढल्यावरही गळतीचा आकडा उतरत नसेल, तर हात काढून घ्या. लिथियमची बॅटरी असेल तर तिच्यासाठीचाच चार्जर लागतो, सल्फेट मोडणारा मोड तिला चालत नाही. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोठ्या बॅटरीला यातलं काहीही लागू नाही, ती उघडायचीच नाही. पार्किंगच्या सॉकेटला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर सगळं तिथेच थांबवा, सोसायटीच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

मेकॅनिककडे जाताना आकडे कागदावर लिहून न्या: रात्रभर उभी असताना किती, चार्जर चालू असताना बॅटरीवर आणि कनेक्टरवर किती, इंजिन चालू असताना किती, गळती किती. "बॅटरी उतरते" एवढंच सांगितलंत तर तो नवी बॅटरी लावूनच सुरुवात करेल. हे आकडे हातात दिलेत तर तो थेट कॉइलकडे किंवा हार्नेसकडे जाईल.